भाऊसाहेबांचं अक्षर

आमच्या साक्षरता मोहिमेत परीक्षा तीन वेळा सोपी करण्यात आली. आधी प्रश्नपत्रिकेत एक अनोळखी उतारा होता. तो वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. तालुक्याच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, बायकांना ताण येतो. मग उतारा पुस्तकातलाच घेतला. पुढच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, लिहिण्यात फार वेळ जातो. मग तोंडी घेतली. शेवटी ठरलं की स्वयंसेवकाने वाक्यातला पहिला शब्द सांगायचा आणि शिकणारीने पुढचं वाक्य पुरं करायचं. झालं. गाव साक्षर. चहा, हार, फोटो.

मी त्या तिन्ही बैठकांना हजर होते आणि तिन्ही वेळा मी हात वर केला होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना मी एकटीच शहाणी होते असा समज व्हायचा.

नव्वदीचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. मी पिंपळवंडीची, घरी ऊस आणि कांदा. कॉलेज संपलं होतं, लग्नाला नाही म्हणून झालं होतं, आणि मोहिमेत पत्रकं लिहिण्याचं काम मला आपसूक मिळालं होतं, कारण माझा राग कागदावर चांगला दिसायचा. ‘अज्ञानाच्या शृंखला तोडून टाका’ हे वाक्य माझं. शृंखला हा शब्द आमच्या शिकणाऱ्यांपैकी एकीलाही वाचता येणार नाही, हे माझ्या डोक्यात दोन वर्षं आलं नाही. पत्रकांबरोबर मला एक वर्गही दिला होता, डिंभ्याच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्यापासून चढावर असलेल्या एका वस्तीत. आठवड्यातून तीन दिवस. पिंपळवंडीहून नारायणगाव, तिथून मंचर, मंचरहून घोडेगाव, आणि घोडेगावहून पुढे एसटीच्या मनात असेल तर डिंभे. एसटीच्या मनात फारसं नसायचं. दुधाच्या टेम्पोत किटल्यांना धरून मी जेवढा प्रवास केला तेवढा कोणत्या गवळ्याने केला नसेल.

वर्ग दुपारी देवळात भरायचा. बारा-तेरा बायका. पहिलं पुस्तक आम्ही पाच महिन्यांत संपवलं आणि मी खूश होते, कारण आख्खा वर्ग धडा एका सुरात वाचायचा. एकीने ओळ धरायची, बाकीच्यांनी उचलायची. काय गोड वाटायचं ऐकायला. त्या बायकांना जे काही येत होतं ते सगळं असंच आलं होतं. जात्यावरचं, लग्नातलं, भजनातलं, एकीने म्हणायचं आणि मागच्यांनी उचलायचं. माझं पुस्तकही त्यांनी तसंच उचललं. चाल लावून. आणि मी वहीत लिहिलं, ‘वाचनात उल्लेखनीय प्रगती’.

माझ्या वर्गातल्या सगळ्या पास झाल्या. त्यातली एक ग्रामपंचायतीची सदस्य होती. पन्नाशीची, उंच, आवाज खणखणीत. जागा बायकांसाठी राखीव निघाली तेव्हा वस्तीने हिला उभं केलं, कारण वस्तीचं म्हणणं असं की हिचं बोलणं निदान ऐकू तरी जातं. तिचं माहेरचं गाव धरणात गेलेलं. तिच्या अंगणातून खाली बघितलं की निळंशार पाणी, आणि त्या पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन वर यायला तीन ठिकाणी टेकायला लागायचं. मी तिला मावशी म्हणायचे. ती मला सगळ्यांसमोर ‘बाई’ म्हणायची आणि एकटी असली की ‘पोरी’.

निकाल लागला त्या आठवड्यात ती हातात एक कागद घेऊन देवळात आली. ग्रामपंचायतीच्या नुकत्याच झालेल्या सभेची नोटीस. शिपाई दर महिन्याला घरी आणून द्यायचा, सही घ्यायचा, निघून जायचा. ती म्हणाली, वाचून दाखव. मी म्हणाले, मावशी, तुम्हीच वाचा की. पास झालात परवा.

तिने कागद हातात धरला. बराच वेळ बघितलं. मग खाली ठेवला.

“पुस्तक मला पाठ हाय,” ती म्हणाली. “ह्यो कागद मला पाठ न्हाई.”

मला आधी वाटलं, थट्टा करतेय. मग मी पिशवीतलं मोहिमेचं दुसरं पुस्तक काढलं, जे त्यांनी अजून पाहिलं नव्हतं, आणि पहिलं पान समोर धरलं. तिला अक्षरं येत होती. सुटी सुटी. ‘प’ दाखवला की प म्हणायची. पण चार अक्षरं एकत्र आली आणि मागे सूर नसला की तिची गाडी जागेवर. नंतर मी बाकीच्यांनाही विचारून पाहिलं. बारापैकी दोघी वाचत होत्या. दहा जणी गात होत्या.

घरी येऊन मी जी चिडचिड केली ती आईने निमूट ऐकून घेतली आणि ताट वाढलं. चिडायला मला मोहीम होती, तालुका होता, परीक्षा होती. स्वतःवर चिडण्यापर्यंत यायला थोडे दिवस गेले.

पण मावशीचं दुखणं वेगळं होतं आणि त्याला मुदत होती. वस्तीवर हापसा बसायचा होता. पाण्याची जागा दाखवणारा साहेब येऊन वस्तीच्या मारुतीमागे चुन्याची फुली मारून गेला होता. मागच्या मासिक सभेत सगळ्यांनी तोंडाने कबूल केलं की हापसा तिथेच. मावशीने इतिवृत्ताच्या वहीत सही केली. म्हणजे जिथे बोट दाखवलं तिथे नाव काढलं. आता कानावर येत होतं की हापसा खाली शाळेजवळ बसणार, आणि सरपंचांचं घर शाळेला लागून. तिने सरपंचांना विचारलं तर ते म्हणाले, वहीत जे असेल ते होईल. भाऊसाहेबांना विचारलं, म्हणजे ग्रामसेवकांना, आमच्याकडे ग्रामसेवकाला भाऊसाहेबच म्हणतात, तर तेही म्हणाले, वहीत आहे तसं. वही कपाटात. कपाटाची चावी भाऊसाहेबांकडे. आणि भाऊसाहेब आठवड्यातून एकदा, सभेच्या दिवशी नक्की.

मी म्हणाले, मी येते आणि वाचते वही. ती म्हणाली, तू कोण? आणि खरंच, मी कोण? सदस्य ती होती. मी बाहेरच्या तालुक्यातली पोर. मला वहीला हात लावू देणार नव्हतं कोणी. तिला देणार होते, कारण तिला वाचता येत नव्हतं.

पुढची सभा लांबवली होती, तिला महिन्याभराहून चारपाच दिवस जास्त होते.

आता भाऊसाहेबांच्या अक्षराबद्दल सांगायलाच पाहिजे. मी आयुष्यात बरीच वाईट अक्षरं पाहिलीत, माझ्या डॉक्टरचं, माझ्या काकांचं. पण हे अक्षर म्हणजे लिहिताना माणसाच्या मागे कुत्रं लागलं असावं. शब्दांवर रेघ द्यायची नाही. लेखणी उचलायची नाही. काना आणि पुढचं अक्षर एकमेकांत असं गेलेलं की कोण कोणाच्या घरात शिरलंय कळू नये. आम्ही बायकांना शिकवलं होतं छापील, ठसठशीत, एकेक अक्षर पोळपाटाएवढं. आणि वस्तीवर छापलेलं असं काय येत होतं? लग्नपत्रिका. बाकी जे जे कागद त्यांच्या जगण्याला लागतात ते सगळे हाताने लिहिलेले. हे मोहिमेत एकालाही सुचलं नाही. बैठका मात्र वेळेवर झाल्या.

मावशीने जुन्या नोटिसा जपून ठेवल्या होत्या, पत्र्याच्या डब्यात, शेवटच्या चार. वाचता येत नव्हत्या तरी ठेवल्या होत्या. मी त्यातली सगळ्यात ताजी घेतली आणि धडाक्याने सुरुवात केली. बघा, हा असा ‘स’. हा ‘भ’. पुढे चला. हे काय? नाही, परत बघा. नाही मावशी, आत्ताच सांगितलं ना. सभेपर्यंत मी रोज जायचं ठरवलं होतं; तीन दिवस असं चाललं. मी घाईत होते. मला सभा दिसत होती, भाऊसाहेबांचा चेहरा दिसत होता, त्या प्रसंगाचं पत्रकसुद्धा माझ्या डोक्यात अर्धं लिहून झालं होतं. चौथ्या दिवशी ती वर्गाला आली नाही. पाचव्या दिवशी निरोप आला की निंदणी आहे. निंदणी नव्हती. मला माहीत होतं.

मी घरी गेले तर अंगणात सावलीला ती आणि शेजारची जाऊ, दोघी पाय पसरून सागरगोटे खेळत होत्या. श्रावण होता, त्या दिवसांत बाया खेळतात. माझं डोकंच फिरलं. इकडे हापसा चाललाय आणि ह्या बया खेळतायत. मी बोलले तसं. थेट. ती शांतपणे म्हणाली, बस. खेळ.

मला वाटलं, लहानपणी खेळलेय, येईल. पाच सागरगोटे हातात घेतले, वर उडवले, उलट्या हातावर झेलायला गेले. पाचही मातीत. जाऊ हसली. पुन्हा. चार मातीत, एक माझ्या ओच्यात. मग मी म्हणाले, हे माझं काम नाही, वेळ कशाला घालवायचा.

मावशीने गोटे गोळा केले आणि जमिनीवर पसरले. एक वर उडवला, तेवढ्यात खालचा एक उचलला, वरचा झेलला. इतक्या सावकाश की मला राग यावा.

“आमी पोरींना पयल्या दिशी पाच झेलाया सांगत न्हाई,” ती म्हणाली. “एक वर, एक खाली. सुटला की पयल्यापास्नं. हाताला बसलं की हातच म्हंतो, आता दोन दे. आन तू? तू मला पयल्या दिशी भाऊसाबाचा आख्खा कागद झेलाया दिला.”

मोहिमेच्या प्रशिक्षणात मला आठ दिवस शिकवलं होतं, तक्ते लावून, पाहुणे बोलावून. ही एक गोष्ट त्यात नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून शिकवण्याचा ताबा तिने घेतला. नियम तिचे. चारही नोटिसा शेजारी शेजारी मांडायच्या. चारही कागदांत जे एकसारखं दिसतंय ते आधी शोधायचं. पहिला शब्द निघाला ‘दिनांक’, कारण त्याच्यापुढे आकडे होते आणि आकडे तिला येत होते. मग ‘सभा’. मग ‘सदस्य’. एक शब्द चारही कागदांत न अडखळता ओळखला की पुढचा. चुकला की ओळीच्या पहिल्या शब्दापासून पुन्हा. अर्धी ओळ वाचून पाचव्या शब्दाला अडखळली तरी ती पाचवा दुरुस्त करून पुढे जायची नाही. मागे यायची. मी म्हणायचे, अहो मावशी, पहिले चार येतायत ना तुम्हाला. ती म्हणायची, सुटला. आणि बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला.

मला याने वेड लागायची पाळी आली. खरं सांगते. कोणाला तरी शिकताना शेजारी बसून बघणं हा माझ्यासारख्या माणसासाठी छळ आहे. तोंडाशी शब्द येतो आणि गिळावा लागतो. पहिली नोटीस संपायला बारा दिवस गेले. आठ ओळींची नोटीस. मी दिवस मोजत होते, उरले तीन कागद, बारा त्रिक छत्तीस, आणि सभेला राहिलेले पंचवीससुद्धा नाहीत. मी हिशोब तिला ऐकवला. तिने ऐकून घेतला आणि बोट पुढच्या शब्दावर ठेवलं.

दुसरी नोटीस चार दिवसांत झाली.

तिसरी एका दुपारी.

माझा हिशोब कुठे चुकला हे मला लगेच कळलं नाही. त्याच आठवड्यात घरी आमच्या वडिलांना बघून थोडं कळलं. भावाने जुन्नरहून तो हातातला गेम आणला होता, वरून विटा पडतात आणि त्या फिरवून खाली बसवायच्या. वडिलांनी तो पळवला. विहिरीवर मोटारीपाशी लाइट यायची वाट बघत बसायला लागायचं, तेव्हा ते खेळायचे. पहिले आठ दिवस म्हणायचे, हे यंत्र खोटं आहे, मुद्दाम वाकडी वीट टाकतंय. आता बघितलं तर विटा दुप्पट वेगाने पडत होत्या आणि वडील एकीकडे गेम खेळत एकीकडे मला विचारत होते की तुझी ती मावशी कुठपर्यंत आली. मी म्हणाले, अवघड नाही का वाटत आता? ते म्हणाले, “अगं, आता ह्याच्या विटा हळू पडत्यात.” विटा हळू पडत नव्हत्या. मी शेजारी उभी राहून बघत होते.

भाऊसाहेबांचं अक्षरही तितकंच गचाळ राहिलं होतं. त्यात कोणी काही सुधारलं नव्हतं. आमची मोहीम असती तर आम्ही भाऊसाहेबांकडून एक सोपी नोटीस लिहून आणली असती, मोठ्या अक्षरात, पहिला शब्द सांगून. आणि मावशीच्या गळ्यात दुसरा हार घातला असता. मला त्या हारांची इतकी चीड यायला लागली की घोडेगावच्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हणाले, आपण पास केलेल्या बायकांना एकदा त्यांच्या गावच्या ग्रामसेवकाची नोटीस वाचायला द्या. अध्यक्ष म्हणाले, सूचना चांगली आहे, नोंद घेतली. नोंद कुठे घेतली ते मला आजतागायत सापडलेलं नाही.

चौथ्या नोटिशीत मावशी पहिल्याच विषयाला थांबली. चारही कागदांत विषय क्रमांक एक तोच होता: ‘मागील मासिक सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ तिने ते वाचलं, सलग. मग पुन्हा वाचलं. मला वाटलं सुटलं काहीतरी. ती म्हणाली, “ह्ये वाचून म्हंजी कोण वाचतं?”

मी म्हणाले, कोणी नाही. वाचलं असं धरतात आणि पुढे जातात.

“पर लिवलंय वाचून.”

लिहिलंय खरं.

तिने नोटीस घडी करून पोलक्यात ठेवली.

सभेच्या दिवशी मी मुद्दाम गेले. मला आत घेतलं नाही, त्यांचं बरोबर होतं. ओट्यावर दाराशी बसले, तिथून टेबल दिसत होतं. आत सरपंच, भाऊसाहेब, सात सदस्य, त्यातल्या तीन बायका पदर डोक्यावर घेऊन भिंतीला टेकलेल्या. भाऊसाहेब माणूस म्हणून वाईट नव्हता. तीन गावं त्याच्याकडे, आणि साडेचारची गाडी गेली की त्याला मुक्काम. त्याने वही उघडली, म्हणाला, मागचं इतिवृत्त कायम, सह्या करा. वही फिरत फिरत मावशीपुढे आली. तिने ती स्वतःकडे वळवून घेतली आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

भाऊसाहेब म्हणाले, इथं खाली, मावशी, सही खाली.

ती म्हणाली, वाचते की.

सरपंच हसले. “काय मावशी, शाळा आज हितंच भरवली व्हय?” सगळे हसले. भिंतीकडच्या दोघीही हसल्या, पदराआड. मावशीने तेवढं होऊ दिलं आणि मग मोठ्याने सुरुवात केली. तो खणखणीत आवाज, पण चाल पांगळी. ‘आज. दिनांक.’ शब्द, श्वास, शब्द. तिसऱ्या ओळीत अडखळली आणि बोट मागे ओळीच्या सुरुवातीला नेलं. आतमध्ये कोणीतरी जीभ टाळ्याला लावून चक केलं. मी ओट्यावर माझ्या पिशवीचा बंद पिळत होते. तिला अडलेला शब्द मला ओट्यावरून ऐकूनच कळला होता, ‘सर्वानुमते’, आणि तो माझ्या दातांपर्यंत आला. मी अर्धी उठलेसुद्धा. तिने मान वर न करता डावा हात माझ्या दिशेने केला, कुत्र्याला बस म्हणतात तसा. मी बसले.

पान संपायला किती वेळ लागला मला माहीत नाही. भाऊसाहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. एकदा म्हणाले, मी वाचून दाखवतो ना. ती म्हणाली, तुमी लिवलंय, तुमाला पाठ असंल.

मग हापशाची ओळ आली. तिने ती वाचली. मागे गेली. पुन्हा वाचली. आत आता कोणी हसत नव्हतं. तिसऱ्यांदा वाचली तेव्हा ती न थांबता वाचली, एका दमात, शाळेजवळ इथपर्यंत.

“ह्ये ठरलं न्हाई,” ती म्हणाली.

भाऊसाहेब म्हणाले, लिहिताना झालं असेल. सरपंच म्हणाले, शाळेतल्या पोरांनापण पाणी लागतंच की, मावशी, तुमचीच नातवंडं जातात. हे ते इतक्या सहज बोलले की क्षणभर मलाही पटलं. तिला पटलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

ती म्हणाली, “लागतं की. पोरांच्या हापशाचा दुसरा ठराव करा, मी पयली सही करते. पर मारुतीमागं ठरलं त्ये मारुतीमागं लिवा.”

पुढच्या सभेत दुरुस्ती करू, भाऊसाहेब म्हणाले. तिने दोन्ही तळहात वहीवर ठेवले आणि बसून राहिली. बाहेर साडेचारची गाडी आली, थोडी थांबली, गेली. मग भिंतीकडच्या दोघींपैकी एक म्हणाली, मारुतीमागंच ठरलं व्हतं, मी हुते. मग एक सदस्य म्हणाला, हो, ठरलं तर होतं. सरपंच खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, लिवा बाबा.

भाऊसाहेबांनी ओळीवर काट मारली, वर दुरुस्ती लिहिली. मावशीने दुरुस्तीही वाचली. गचाळ होती, पण फार वेळ लागला नाही. सही केली. मग म्हणाली, ह्याची नक्कल द्या मला. हा शब्द तिला कोणी शिकवला, मला माहीत नाही. मी नव्हता शिकवला.

वाटेने परत जाताना मी बडबडत होते. भाऊसाहेबांविरुद्ध अर्ज, सरपंचांविरुद्ध पत्रक, घोडेगावला मोर्चा. ती थकली होती. एका धोंड्यावर टेकली आणि म्हणाली की पहिल्या ओळीला पाठीवरून घाम गेला, वाटलं आता सगळं सांडलं. आणि खालच्या ओळींना तो माणूस काय लिहिणार हे आधीच दिसायला लागलं, म्हणून मग भीती गेली आणि राग आला. मी विचारलं, राग का? ती म्हणाली, इतकं सोपं व्हतं आन दोन वरसं मी नुसतं नाव काढत व्हते.

मी मोर्चाचं पत्रक लिहिलं. पाचशे प्रती छापल्या. ते वापरायची वेळ आली नाही, आणि त्याचा मला जो वैताग आला त्याची आता थोडी लाज वाटते. पुढच्या महिन्यांच्या सभांना ती इतिवृत्त वाचायची, आधी अर्ध्या तासात, मग चहा येईपर्यंत. भाऊसाहेब शब्दांवर रेघ द्यायला लागले, असं तिनेच सांगितलं, आणि त्यात तिला मजा वाटत नव्हती. “रेघ दिल्याली वळ कोणबी वाचंल,” म्हणाली.

बोअरची गाडी आली ती उन्हाळ्यात. योगायोगाने माझा तो वर्गाचा दिवस. गाडी घाटात धुरळा उडवत आली आणि सरळ शाळेपाशी जाऊन उभी राहिली. तिथे आधीच दोघं-तिघं माणसं उभी होती, जागा झाडून ठेवलेली. कोणी कोणाला काय सांगितलं होतं देव जाणे. मी पळत गेले आणि तावातावाने ठराव, सभा, अन्याय असं सगळं एकदम बोलायला लागले. गाडीचा ड्रायव्हर दक्षिणेकडचा, त्याला मराठी जेमतेम कळत होतं, आणि माझं तर मराठी कळणाऱ्यांनाही कळलं नसतं. त्याने माझ्याकडे बघून हिंदीत विचारलं, कागज है क्या.

मावशी वरून उतरत येत होती. घाईत नव्हती. पोलक्यातून नक्कल काढली, उलगडली आणि त्याच्यासमोर उभी राहून वाचून दाखवली. बोट न लावता. शेवटाकडे तर कागदाकडे नुसती नजर होती, मान ड्रायव्हरकडे. त्याला शब्द किती कळले कोण जाणे. पण ती कुठे थांबली आणि कुठे जोर दिला ते त्याला कळलं. त्याने विचारलं, किधर?

तिने वर बोट केलं. त्याने रस्त्याकडे बघितलं, चढ बघितला, आणि वैतागून डोकं हलवलं. मग शेजारचं दार उघडून दिलं. मावशी नऊवारीचा काष्टा सावरत केबिनमध्ये चढली, कागद मांडीवर धरून बसली, आणि गाडी वस्तीकडे वळली. शाळेपाशी उभी असलेली माणसं थोडा वेळ तशीच उभी राहिली. मी गाडीच्या मागून धुरळ्यातून चालत निघाले.